बेताच्या पैशांत जुनी अमेरिकन मसल कार उभी करताना : आधी ब्रेक, मग इंजिन

१९६४ साली पॉन्टिअ‍ॅकने आपल्या मध्यम आकाराच्या टेम्पेस्ट गाडीत ३८९ घनइंचांचे मोठे व्ही-८ इंजिन बसवून तिला जीटीओ हे नाव दिले, आणि सामान्य नोकरदाराला परवडणारी पण सरळ रस्त्यावर भल्याभल्यांना मागे टाकणारी गाडी हा प्रकार अमेरिकेत रुजला. त्यालाच पुढे ‘मसल कार’ म्हणू लागले. आज त्यातल्या नामांकित गाड्यांच्या किमती नोकरदाराच्या आवाक्याबाहेर गेल्या आहेत, पण त्याच काळातल्या, त्याच कारखान्यांतल्या आणि बरेचसे तेच सुटे भाग वापरणाऱ्या साध्या गाड्या अजून मिळतात.

मी डेट्रॉइटजवळ राहतो. इथे वाहन उद्योगात काम करणारी मराठी मंडळी पुष्कळ आहेत, आणि त्यांपैकी अनेकांना अशी गाडी स्वतःच्या हाताने उभी करायची असते, मात्र सुरुवात कुठून करावी हे कळत नाही. मी १९७१ सालची दोन दरवाजांची शेवरोले नोव्हा घेऊन तीन हिवाळे घरच्या गॅरेजमध्ये तिच्यावर काम केले. एकूण खर्च सुमारे १४,५०० डॉलर झाला, आणि त्यातला बराचसा पैसा कामाचा क्रम चुकल्यामुळे गेला. पुढे दिलेला क्रम त्या अनुभवातून आला आहे.

१. गाडी शोधण्याआधी जागा आणि हिशेब ठरवा

भाड्याच्या घरात राहत असाल तर भाडेकरार आधी नीट वाचा, कारण आवारात गाडी खोलून ठेवण्यास किंवा चालू स्थितीत नसलेली गाडी उभी करण्यास बहुतेक करारांत मनाई असते. स्वतःच्या घराच्या बाबतीतही वसाहतीच्या संस्थेचे नियम असेच असू शकतात. गाडी खोलल्यावर तिला स्वतःच्या लांबीरुंदीच्या दुप्पट जागा लागते, म्हणून दोन गाड्यांचे गॅरेज संपूर्ण मोकळे मिळाले तरच काम सुखाने होते.

माझ्या वहीतला खर्च डॉलरमध्ये असा आहे : गाडी ४,५००, पत्रा आणि वेल्डिंगचे साहित्य १,३००, ब्रेक, स्टिअरिंग आणि सस्पेन्शन १,९००, चाके आणि टायर ७००, इंजिन आणि त्याचे मशीनिंग २,४००, गिअरबॉक्स ४५०, रेडिएटर, टाकी आणि इंधनाच्या नळ्या ६५०, विजेचे काम ५००, रंग ९००, हत्यारे १,२००. गाडीची किंमत एकूण खर्चाच्या तिसऱ्या हिश्श्याहूनही कमी आहे, ही गोष्ट लक्षात घ्या. हातात असलेला सगळा पैसा गाडी विकत घेण्यात घातला, तर ती ताडपत्रीखाली पडून राहते.

२. नामांकित गाडीऐवजी तिचे भावंड निवडा

१९६७ ते १९६९ या काळातल्या कॅमॅरोला प्रचंड मागणी आहे, आणि १९६८ नंतरच्या नोव्हाची पुढची सबफ्रेम, म्हणजे इंजिन आणि पुढची चाके धरणारा सांगाडा, मुळात त्याच घडणीची आहे. साहजिकच कॅमॅरोसाठी बनणारे ब्रेक, स्प्रिंगा आणि स्टिअरिंगचे बहुतेक भाग नोव्हालाही बसतात. क्रायस्लरच्या गाड्यांत प्लिमथ डस्टर आणि डॉज डार्ट, तर फोर्डच्या गाड्यांत मॅव्हरिक याच विचाराने पाहण्यासारख्या आहेत. घरात मुले असतील तर चार दरवाजांच्या गाडीलाही नाक मुरडू नका. ती नेहमीच स्वस्त मिळते.

माझे स्पष्ट मत असे आहे की नवशिक्याने सहा सिलिंडरचे इंजिन असलेली साधी गाडी घ्यावी. अशा गाडीचे मूळ रूप जपण्याचा कोणताही ऐतिहासिक आग्रह नसतो, त्यामुळे तिच्यात बदल करताना हात अडखळत नाही. याउलट अस्सल ‘एसएस’, म्हणजे सुपर स्पोर्ट ही खास आवृत्ती असलेली गाडी कापून तिचे वेगळेच काहीतरी करणे हे मला पटत नाही.

इथेच एक मोठी फसगत होते. ‘एसएस’ची अक्षरे बाजारात सुटी मिळतात आणि ती कोणत्याही नोव्हावर लावता येतात. १९६८ ते १९७१ या वर्षांतल्या नोव्हाचा वाहन क्रमांक ‘११३’ने सुरू होत असेल तर गाडी कारखान्यातून सहा सिलिंडरची निघाली आहे, आणि ‘११४’ने सुरू होत असेल तर ती व्ही-८ आहे, मात्र ती ‘एसएस’ आहे की नाही हे या क्रमांकावरून कळत नाही. मूळ कागद नसतील तर त्या अक्षरांसाठी एक डॉलरही जादा देऊ नका.

अश्वशक्तीच्या आकड्यांनीही गोंधळून जाऊ नका. १९७१ साली नोव्हा ‘एसएस’चे ३५० घनइंचांचे इंजिन २७० अश्वशक्तीचे म्हणून विकले जात होते, आणि १९७२ साली तेच इंजिन २०० अश्वशक्तीचे ठरले. इंजिन एका वर्षात इतके अशक्त झाले नव्हते. पूर्वी नुसत्या इंजिनाची शक्ती मोजत, ती आता एक्झॉस्ट, एअर क्लीनर आणि पट्ट्यावर चालणारी उपकरणे जोडून मोजू लागले.

३. गंज आधी पाहा, इंजिन सर्वांत शेवटी

इंजिन बिघडले असेल तर ते दुसरे मिळते. कुजलेला सांगाडा दुरुस्त करताना मात्र पैसा आणि उमेद दोन्ही संपतात. मिशिगन, ओहायो अशा राज्यांत हिवाळ्यात रस्त्यावर मीठ टाकतात, म्हणून शक्य असेल तर ॲरिझोना किंवा न्यू मेक्सिकोसारख्या कोरड्या राज्यातली गाडी वाहतुकीचा खर्च सोसूनही घ्यावी.

पाहायला जाताना लोहचुंबक, विजेरी, बोथट स्क्रूड्रायव्हर आणि एक तांब्याभर पाणी बरोबर न्या. मागच्या चाकांच्या कमानी, पुढच्या मडगार्डांचा खालचा भाग आणि दरवाजांच्या खालच्या कडा यांवर लोहचुंबक फिरवा. तो जिथे धरत नाही तिथे रंगाखाली लांबी, म्हणजे पुटी, भरलेली आहे. डिकीतले जाजम उचलून खालचा पत्रा पाहा. छपरावर व्हिनाइल असेल तर मागच्या काचेच्या कडेने ते अंगठ्याने दाबून पाहा. पापड मोडावा तसा आवाज आला तर आतला पत्रा संपलेला आहे. सबफ्रेम जिथे बॉडीला बोल्टने जोडलेली असते, तिथला पत्रा खालून स्क्रूड्रायव्हरने टोचून पाहा. तिथे तो आत गेला, तर विक्रेत्याचे आभार मानून परत या.

पाणी कशासाठी, ते सांगतो. पुढच्या काचेच्या बुडाशी, बोनेटला लागून, जाळीखाली एक पन्हळ असते. काचेवरून ओघळणारे पाणी तिच्यात पडून दोन्ही टोकांनी खाली निघून जावे, अशी तिची रचना असते. तिथे पन्नास वर्षांचा पालापाचोळा साचतो, ओल राहते आणि पन्हळ आतून कुजते. बाहेरून काहीच दिसत नाही. मी गाडी घेताना हे पाहिले नाही. पहिल्याच पावसानंतर चालकाशेजारच्या बाजूचे कार्पेट ओले लागले म्हणून ते उचलले, आणि खालच्या पत्र्यावर हात टेकताच तो बिस्किटासारखा तुटून माझी बोटे खालच्या जमिनीला लागली. ती पन्हळ बदलण्यासाठी पुढची काच आणि डॅशबोर्ड काढून जुने स्पॉट वेल्ड एकेक करून ड्रिलने उडवावे लागतात, आणि त्यात माझा एक अख्खा हिवाळा गेला. म्हणून विक्रेत्याची परवानगी घेऊन त्या जाळीत पाणी ओता, आणि आत वाकून पायाजवळ थेंब दिसतो का ते पाहा.

४. कागदपत्रे

पैसे देण्यापूर्वी पुढील गोष्टी हातात असाव्यात :

- विक्रेत्याच्याच नावावर असलेले मालकीपत्र, म्हणजे टायटल. ‘गाडी मित्राची आहे, कागद नंतर पाठवतो’ असे कोणी म्हटले तर व्यवहार करू नका.
- मालकीपत्रावर बँकेचा बोजा असल्यास तो फिटल्याचे पत्र.
- तारीख, रक्कम, मायलेज आणि दोघांच्या सह्या असलेली विक्रीपावती.
- तुमचे वाहन परवान्याचे ओळखपत्र आणि विम्याचा पुरावा.

१९६८ पासून वाहन क्रमांकाची पट्टी डॅशबोर्डवर, चालकाच्या बाजूला, काचेतून दिसेल अशी लावलेली असते. मालकीपत्रावरचा क्रमांक तिच्याशी अक्षर न् अक्षर ताडून पाहा. आज रूढ असलेला १७ अक्षरांचा क्रमांक १९८१ पासून आला, म्हणून जुना क्रमांक लहान दिसला तर घाबरू नका. दुरुस्तीच्या कामात ही पट्टी कधीही उखडू नका, कारण तिच्याशी छेडछाड करणे हा केंद्रीय कायद्याने गुन्हा आहे.

मिशिगनमध्ये धुराची चाचणी नाही, आणि कॅलिफोर्नियात १९७५ पर्यंतच्या गाड्यांना तिच्यातून सूट आहे. तुमच्या राज्याचा नियम गाडी घेण्याआधी माहीत करून घ्या.

५. हत्यारे

इंचांतल्या पान्यांचा आणि सॉकेटचा चांगला संच, टॉर्क रेंच, फ्लोअर जॅक, किमान चार जॅक स्टँड, मल्टिमीटर, टायमिंग लाइट, कॉम्प्रेशन गेज, फीलर गेज आणि अग्निशामक, एवढे स्वतःचे असावे. आपल्याकडून आणलेले मिलिमीटरचे पाने इथे वापरू नका. ते ‘जवळजवळ’ बसतात आणि बोल्टचे कोपरे खाऊन टाकतात. बॉल जॉइंट काढण्याचा पुलर, हार्मोनिक बॅलन्सरचा पुलर अशी क्वचित लागणारी हत्यारे सुट्या भागांच्या मोठ्या साखळी दुकानांत अनामत रक्कम ठेवून मोफत मिळतात. इंजिन उचलण्याची क्रेन भाड्याने घ्या.

नुसत्या जॅकवर उभ्या असलेल्या गाडीखाली कधीही जाऊ नका. जुन्या ब्रेक लायनिंगमध्ये ॲस्बेस्टॉस असू शकते, म्हणून ड्रममधली धूळ हवेच्या झोताने उडवू नका. ती ओली करून पुसून काढा.

६. खोलताना नोंद ठेवा

प्रत्येक भाग काढण्याआधी तीन बाजूंनी छायाचित्र घ्या, बोल्ट वेगवेगळ्या पिशव्यांत घालून त्यांवर जागा लिहा, आणि तुटलेला किंवा झिजलेला भागही नवा बसेपर्यंत फेकू नका. दोन वर्षांनी जोडणी करताना तुमच्या स्मरणशक्तीचा काही उपयोग होत नाही. गाडी एकदम संपूर्ण खोलण्याचा मोह आवरा. एका वेळी एकच भाग खोलून पूर्ण केला तर काम रेंगाळत नाही.

७. पत्रा

तळाचे आणि डिकीचे तयार पत्रे नोव्हासाठी नवे मिळतात. गंजलेला भाग चकचकीत लोखंड लागेपर्यंत कापून मगच नवा पत्रा जोडावा, कारण गंजावर वेल्ड धरत नाही. घरगुती मिग वेल्डर पुरतो, पण पातळ पत्र्यावर सलग रेघ ओढली तर उष्णतेने पत्रा वाकतो. एकेक टाका दूरदूर घालत जा आणि मधली जागा गार होऊ देऊन भरा. वेल्डिंगपूर्वी पेट्रोलची टाकी, कार्पेट आणि जवळचे डांबरी लेपन काढलेच पाहिजे. मी टाकी काढली होती, तरी तळाच्या जुन्या लेपनाने पेट घेतला. अग्निशामक हाताशी होता म्हणून गॅरेज वाचले.

रंगाचे काम शेवटी ठेवा. प्रायमर मारून गाडी वर्षभर चालवली तरी काही बिघडत नाही, पण प्रायमर ओल शोषतो, म्हणून तो एपॉक्सी प्रकारचाच वापरा.

८. गाडी आधी थांबली पाहिजे, वळली पाहिजे

शक्ती वाढवण्याआधी हे काम पूर्ण करा. माझ्या गाडीला चारही चाकांवर ड्रम ब्रेक होते, आणि उतारावर दोनदा जोरात दाबले की तिसऱ्या वेळी पेडल दाबूनही वेग नीट कमी होत नसे. अशा गाडीत दुप्पट शक्तीचे इंजिन बसवणे म्हणजे स्वतःचा आणि इतरांचा जीव धोक्यात घालणे आहे.

पुढच्या दोन चाकांना डिस्क ब्रेक बसवा; मागचे ड्रम चांगल्या स्थितीत असतील तर राहू द्या. डिस्कबरोबर तिला योग्य असा मास्टर सिलिंडर आणि पुढच्या-मागच्या ब्रेकचा दाब वाटून देणारा व्हॉल्व्हही बदलावा लागतो. तो न बदलल्यास मागची चाके आधी लॉक होऊन गाडी फिरते. नळ्यांच्या टोकांना दुहेरी फ्लेअरच करा. नळाच्या कामात वापरतात तसे कॉम्प्रेशनचे जोड ब्रेकच्या नळीत कधीही चालत नाहीत. हवा काढताना मास्टर सिलिंडरपासून सर्वांत लांबचे चाक आधी घ्या : मागचे उजवे, मागचे डावे, पुढचे उजवे, पुढचे डावे.

सस्पेन्शनमध्ये बॉल जॉइंट, टाय रॉड, रबरी बुश आणि शॉक अ‍ॅब्सॉर्बर बदला. सहा सिलिंडरच्या नोव्हाला मागे बहुधा एकाच पानाचा पाटा असतो. व्ही-८ बसवणार असाल तर अनेक पानांचे पाटे घ्या, नाहीतर जोरात निघताना अ‍ॅक्सल पिळला जाऊन चाके थडथडतात. टायरची नक्षी चांगली दिसली तरी टायर किती जुना आहे हे कळण्यासाठी कडेवरचे चार आकडे वाचा : पहिले दोन तो बनल्याच्या आठवड्याचे आणि पुढचे दोन वर्षाचे असतात.

९. इंजिन

शेवरोलेचे स्मॉल ब्लॉक व्ही-८ इंजिन १९५५ पासूनचे, आणि त्यातले ३५० घनइंचांचे, म्हणजे ५.७ लिटरचे, १९६७ पासूनचे आहे. पिकअप ट्रकमध्येही तेच असल्यामुळे भंगारवाड्यांत ते आजही सापडते. घेताना वर्ष पाहा. १९८६ पासून क्रँकच्या मागच्या सीलची रचना बदलली, त्यामुळे जुना फ्लेक्सप्लेट, म्हणजे क्रँकच्या मागे बसणारी दातेरी चकती, त्या इंजिनाला चालत नाही. १९८७ पासून हेडवरच्या मधल्या चार बोल्टांचा कोन बदलल्यामुळे कार्ब्युरेटर ज्यावर बसतो तो जुना इनटेक मॅनिफोल्डही बसत नाही. सहा सिलिंडरच्या गाडीत व्ही-८ बसवताना सबफ्रेमवरचे इंजिनाचे ब्रॅकेट, पुढच्या स्प्रिंगा आणि रेडिएटर हेही बदलावे लागतात, हा खर्च आधीच धरून ठेवा.

सिलिंडर झिजले असतील तर मशीन शॉपमधून बोअर करून घ्या. माझे ३० थाऊ, म्हणजे इंचाचे ३० हजारांश, वाढवून घेतले, त्यामुळे इंजिन ३५५ घनइंचांचे झाले. ब्लॉक परत आला तेव्हा ‘धुऊन दिला आहे’ असे दुकानदाराने सांगितले होते, पण मी पांढरे फडके तेलात बुडवून सिलिंडरमधून फिरवले तर ते करडे होऊन बाहेर आले. होनिंगच्या दगडाची ती बारीक भुकटी आत राहिली तर रिंगा आणि बेअरिंगे थोड्याच दिवसांत खाऊन टाकते. गरम पाणी, भांड्यांचा साबण आणि ब्रश घेऊन मी तो ब्लॉक पाच वेळा धुतला; पाचव्या वेळी फडके पांढरे राहिले. धुतल्यावर लगेच तेलाचा हात द्यावा, कारण उघड्या लोखंडावर काही मिनिटांत तांबूस छटा येते.

या इंजिनाच्या हेडचे सगळे बोल्ट पाण्याच्या पोकळीत उतरतात, म्हणून त्यांच्या आट्यांना सीलंट लावा आणि ते ठरलेल्या क्रमाने, तीन टप्प्यांत, ६५ फूट-पाउंडांपर्यंत आवळा. सपाट टॅपेटचा नवा कॅमशाफ्ट, म्हणजे व्हॉल्व्ह उघडणारा दांडा, बसवला असेल तर जस्ताचे प्रमाण जास्त असलेले ब्रेक-इन तेल घाला, आणि इंजिन चालू होताच ते २० मिनिटे, मिनिटाला २,००० ते २,५०० फेऱ्यांवर ठेवा. या वेळेत ते मंद गतीवर आणले तर कॅमची टोके घासली जातात, आणि लोखंडाची पूड सगळ्या इंजिनात फिरते. म्हणूनच किल्ली फिरवण्याआधी रेडिएटर भरलेला, टायमिंग जवळपास लावलेले आणि फायरिंगचा क्रम १-८-४-३-६-५-७-२ असा दोनदा तपासलेला असला पाहिजे.

कॅम आणि कार्ब्युरेटर मोठे घेण्याची चूक जवळजवळ प्रत्येक जण करतो. ३५० घनइंच गुणिले ५,५०० फेऱ्या भागिले ३,४५६ केले की इंजिनाला लागणारी हवा सुमारे ५५७ घनफूट प्रतिमिनिट येते, आणि रस्त्यावरचे इंजिन त्यातली ८५ टक्के हवा घेते असे धरले तर गरज ४७३ चीच उरते. म्हणजे ६०० चा कार्ब्युरेटर भरपूर झाला. ७५० चा घेतलात तर गाडी खालच्या वेगाला अडखळते. फार मोठ्या कॅममुळे मंद गतीला निर्वात कमी पडतो आणि पॉवर ब्रेकचे पेडल दगडासारखे घट्ट होते.

१०. विजेचे आणि इंधनाचे काम

जुन्या प्लॅटिनम पॉइंटऐवजी १९७० च्या दशकातला जनरल मोटर्सचा एचईआय, म्हणजे इलेक्ट्रॉनिक इग्निशनचा, डिस्ट्रिब्युटर बसवणे हा सर्वांत स्वस्त आणि उपयोगी बदल आहे. मात्र पॉइंटच्या कॉइलला येणारी मूळ तार मुद्दाम रोध असलेली असते आणि तिच्यातून पूर्ण १२ व्होल्ट मिळत नाहीत. एचईआयसाठी फ्यूजपेटीतून, किल्लीसोबत चालू होणारी वेगळी जाड तार ओढा. मी जुनीच तार जोडली होती, आणि इंजिन तापल्यावर गाडी चौकातच बंद पडत असे. तीन आठवडे मी कार्ब्युरेटरला दोष देत राहिलो. इंजिन, बॉडी आणि बॅटरी यांना जोडणाऱ्या अर्थच्या पट्ट्याही नव्या लावा.

आजच्या बहुतेक पेट्रोलमध्ये दहा टक्क्यांपर्यंत इथेनॉल असते आणि ते जुने रबर फुगवून तडकवते, म्हणून इंधनाच्या सगळ्या रबरी नळ्या बदला.

११. गिअरबॉक्स आणि मागचा अ‍ॅक्सल

टर्बो ३५० हा तीन गिअरचा ऑटोमॅटिक गिअरबॉक्स स्वस्त आणि टिकाऊ आहे. त्याच्याबरोबर ३.७३ चे अ‍ॅक्सल गुणोत्तर घेतले तर २६ इंच व्यासाच्या टायरवर ताशी ७० मैलांना इंजिन सुमारे ३,४०० फेऱ्यांवर ओरडत राहते, ३.०८ ठेवले तर २,८०० च्या आत राहते. महामार्गावरून जाणार असाल तर ३.०८ च ठेवा.

१२. विमा, नोंदणी आणि पहिले ५०० मैल

विमा ‘अ‍ॅग्रीड व्हॅल्यू’चा घ्या, म्हणजे ठरलेली रक्कम नुकसानीनंतर घसारा न लावता मिळते, ‘स्टेटेड व्हॅल्यू’ हा शब्द सारखा वाटला तरी त्यात कंपनी कमी रक्कम देऊ शकते. त्यासाठी दुरुस्तीची छायाचित्रे आणि सगळ्या पावत्या एका फाइलमध्ये ठेवा. मिशिगनमध्ये २५ वर्षांहून जुन्या गाडीला ऐतिहासिक पाटी मिळते. तिच्यावर प्रदर्शने, मेळावे आणि मिरवणुकांना जाता येते, आणि ऑगस्ट महिन्यात या अटीही शिथिल असतात. त्याच महिन्यात वुडवर्ड अ‍ॅव्हेन्यूवर १९९५ पासून जुन्या गाड्यांची मोठी फेरी भरते. तिथे जा आणि बोनेट उघडून उभ्या असलेल्या लोकांशी बोला. तुमच्याच मॉडेलवर वीस-वीस वर्षे काम केलेली माणसे तिथे भेटतात आणि हातचे राखून न ठेवता सगळे सांगतात.

पहिल्या फेरीनंतर, अंदाजे २५ मैलांवर, चाकांचे नट पुन्हा आवळा आणि ब्रेकच्या प्रत्येक जोडावर कोरडा कागद फिरवून ओल पाहा. कॅम बसवल्यानंतरचे तेल आणि फिल्टर पहिल्या वीस मिनिटांनंतरच बदला, जुना फिल्टर कापून त्याच्या घड्यांत लोखंडाची चमक दिसते का ते पाहा, आणि ५०० मैलांनी तेल पुन्हा बदला. तोपर्यंत लांबच्या प्रवासाला जाऊ नका, आणि डिकीत पाने, पाणी, पंख्याचा पट्टा आणि टो करण्याचा दोर ठेवल्याशिवाय गाडी बाहेर काढू नका.